ठमाबाईच्या फाईलचं कुलूप

(बारामती, १९९८. एका दवाखान्यातली कॉम्प्युटरची लहानशी खोली. दार अर्धवट लोटलेलं. कॉम्प्युटरवर बसणारी दिपाली, समोर तपासणीचा कागद घेऊन ठमाबाई.)

ठमाबाई : मग ह्या पेटीतनं पुसूनच टाका की. कागद मी चुलीत घालीन.

दिपाली : पुसता येत नाही हो वहिनी. पुढच्या खेपेला डॉक्टर आधी मागचाच रिपोर्ट मागतात. आणि तुम्ही कशाला घाबरताय? तुमच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्यात. मूल होत नाही त्यात दोष तुमच्या मालकांच्यात, भीमरावांच्यात आहे, आणि त्यावर औषध आहे.

ठमाबाई : हळू बोला, ताई. ते भाईरच बसल्यात. आन तुमचा झुंबर कंपाउंडर आमच्याच कळंबचा. रोज सांजच्या एस्टीनं माघारी येतो. त्येच्या तोंडात तीळ भिजत न्हाय.

दिपाली : ते मात्र खरं. मी नसले की रिपोर्ट तोच काढून देतो.

ठमाबाई : त्येच्या हाती हे पडलं, तर गावात ह्यांना कोन मान वर करून चालू देईल?

दिपाली : आणि तुम्हाला चालू देतात का? मागच्या वेळी तुम्हीच रडत सांगत होतात, सासूबाई ह्यांच्यासाठी निमगावला दुसरी मुलगी बघून आल्या म्हणून.

ठमाबाई : माझं ऱ्हाऊ द्या. मला सवय हाय, त्यांना न्हाय. डॉक्टरांनी सांगितल्यापासनं जेवताना माझ्याकडं बघत न्हाईत. ताटाकडं बघून जेवत्यात. मला जीव तुटल्यागत होतं ओ.

दिपाली : बरं. मग फाईलला कुलूप घालू. एक शब्द ठरवायचा. तो घातला की आतली अक्षरं सगळी कालवून जातात. झुंबरनं कितीही डोकं लावलं तरी त्याला एक ओळ लागायची नाही. शब्द टाकला की परत होती तशी जुळतात.

ठमाबाई : म्हंजी दोन कळप एकात मिसळल्यावानी. धनी हाक मारंल तवाच आपापली मेंढरं बाजूला हुत्यात.

दिपाली : अगदी तसंच! तर हाक कोणती ते सांगा. चुकूनही तुमच्या तोंडून निसटणार नाही अशी.

ठमाबाई : मग ह्यांचंच नाव घाला की! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मारलं तरी तोंडातनं यायचं न्हाय.

दिपाली : अहो वहिनी, तुम्ही घेत नाही, पण सारं कळंब ‘भीमा, ए भीमा’ करत हाका मारतंय! झुंबर पहिलं तेच घालून बघेल.

ठमाबाई : अगं बया! व्हय की. मी घेत न्हाय म्हंजी कुनालाच ठावं न्हाय, असं धरून चालले बघा.

दिपाली : हसा हसा. पहिल्यांदाच हसलात आज. आता गावात कुणालाच माहीत नाही असं काहीतरी सांगा.

ठमाबाई : तसलं एक हाय. नकोशी.

दिपाली : नकोशी?

ठमाबाई : माझंच नाव. मी चौथी पोरगी. म्होरं तरी पोरगा व्हावा म्हनून आजीनं ठेवलं. आमचं घर मेंढरांमागं फिरस्तीवर, शाळा न्हाय का दाखला न्हाय. सोयरीक जुळताना बापाला लाज वाटली, त्यानं छबू सांगितलं. सासरी आल्यावर ठमा झाले. कळंबात त्ये कुनालाच ठावं न्हाय. ह्यांनाबी न्हाय.

दिपाली : वहिनी, दुसरं काहीतरी घालू या.

ठमाबाई : नगं, त्येच घाला. कुठंतरी कामाला येऊ दे बिचारं.

दिपाली : घातलं. हे बघा, नाव दिसतच नाही, पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटल्या. पण आणखी एका माणसाला सांगून ठेवा. शब्द विसरला तर मलाच काय, डॉक्टरांनाही फाईल उघडायची नाही.

भीमा : सांगायची गरज न्हाय. दारातनं ऐकलं मी.

ठमाबाई : आत्ता गं! तुमी कवा आलात?

भीमा : झुंबरचं नाव काढलंस तवाच. पैल्यांदा पोरगी म्हनून नको झालीस, आन आता पोर न्हाय म्हनून. आन मी आपला गप गिळत बसलोय.

ठमाबाई : असं नगा बोलू.

भीमा : दिपालीताई, कुलूप ऱ्हाऊ द्या, गावाचं त्यात काय काम न्हाय. पन आईला मी आज सोता सांगनार, दोष माझ्यात हाय म्हनून. निमगावला निरोपबी मीच धाडतो.

ठमाबाई : आत्याबाईंना सोसायचं न्हाय ओ.

भीमा : तुला सोसलं की इतकी वरसं.

दिपाली : भीमराव, शब्द लक्षात राहील ना? कधी वहिनी बरोबर नसल्या, तर तो तुम्हीच मला सांगायचाय.

भीमा : ध्यानात ऱ्हाईल. पन सांगनार न्हाय. तुमी बटनं दावा, मी दाबीन.

दिपाली : का हो?

भीमा : ही माझं नाव घेत न्हाय. तसं हे हिचं नाव मी घ्यायचा न्हाय.