शिंप्याची कात्री आणि पोटातले जंतू

मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या बाईंनी मासिक उघडलं होतं, पण कान होते शेजारच्या म्हाताऱ्या शिंप्याकडे. तो नुकताच आतून आला होता. त्याच्या बायकोने विचारलं,

"काय म्हणाले?"

"कंपवात नाही. दम्याच्या औषधाने हात थरथरतो."

"अगंबाई! आणि पोटाचं?"

"पोटातल्या जंतूंचा मेंदूशी संबंध असतो, पण पोट साफ होत नाही म्हणजे मेंदू गेलाच असं नव्हे, म्हणाले."

"आणि तुम्ही पेपरात 'कंपवात पोटातून सुरू होतो' असं वाचून हाय खाल्लीत!"

"शिवणकाम सोडलं. तुझ्या हाती कात्रीसुद्धा जावयाला धाडली. एव्हाना त्याने कागद कापून धार घालवली असेल."

"तुमची माझ्या पेटीत आहे. जावईबापूंना नवी घेऊन दिली."

"तुला एवढी खात्री होती?"

"खात्री कुठली हो! देववली नाही, इतकंच."