लाल खुणेचा कप

सालोमी : रविवारच्या मिस्साचा पांढरा शर्ट बुधवारी कशाला?

रॉबर्ट : मुंबईला जायचंय ना, लॅबमधे. रक्त द्यायला.

सालोमी : रक्त द्यायला इस्त्री लागते? माझ्यासंगती पाचूबंदरच्या बाजारात येतोस तवा लुंगी चालते.

रॉबर्ट : तिथं चार मानसं असतात, सालोमी.

सालोमी : चार नको सांगू. डॉक्टर क्षितिजा, डॉक्टर क्षितिजा. उद्या झोपेतपन तेच नाव घेशील. काय बघते ती तुझ्या रक्तात एवढं?

रॉबर्ट : कावीळ बी, हिपॅटायटिस म्हनतात ती. लाल रक्त बाजूला काढतात, वरचं पिवळं पानी मशीनमधे गरगर फिरवतात. जड ते खाली, हलकं ते वर. मधल्या थरात व्हायरसचे कन सापडतात. परवा त्यांचा फोटो काढला. बारीक गोल ठिपके, मधेच एखादी कांडी. म्हनाल्या, रॉबर्ट, इतके कन दुसऱ्या कुनाच्या रक्तात नाय मिळाले.

सालोमी : अठरा वर्षं संसार केला मी. तुझ्या आत काय हाय ते तिनं दोन महिन्यात बघितलं. मला फोटोपन नाय दाखवलास.

रॉबर्ट : तूच म्हनालीस, तिथलं कायपन घरात आनू नको.

सालोमी : म्हनाले. पन जळतंय माझं, खरं सांगते. तिथून येतोस तवा तुझं तोंड लग्नातल्यासारखं असतं. काय देते ती तुला?

रॉबर्ट : चहा.

सालोमी : चहा?

रॉबर्ट : त्यांच्याच टेबलावर. सगळे पितात त्याच कपात.

सालोमी : आनी तिला भीती नाय वाटत?

रॉबर्ट : कपातून, ताटातून नाय लागत म्हनाल्या. रक्तातून लागतं, नवराबायकोत लागतं. म्हनून तर तुला नि पोरांना लस टोचली.

सालोमी : मग दोन महिने बोललास का नाय? चर्चच्या रक्तदान शिबिरातून काविळीची चिठ्ठी आली, त्याच दिवशी तुझा कप वेगळा ठेवायला त्याला लाल नेलपॉलिश लावलं मी.

रॉबर्ट : तू घाबरली होतीस. वाटलं, भीती गेली की तूच पुसशील.

सालोमी : बस. चहा पिऊन जा.

(ती आत जाते. सुरीने काहीतरी खरवडल्याचा आवाज बराच वेळ येत राहतो. मग ती दोन कप घेऊन बाहेर येते.)

रॉबर्ट : गाडी चुकेल, आन लवकर. यातला माझा कोनता?

सालोमी : कुठलापन उचल.