तांडेलाची कॅसेट आणि माझं अरबी

...आणि वर मलाच म्हणते, "ला!" म्हणजे नाही. सख्खी नात हो, नऊ वर्षांची, आणि मला, दोरखंड-ताडपत्रीच्या धंद्यात पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला, ओठांवर बोट ठेवून "ला, जद्दी, ला!" म्हणजे नाही, आजोबा, नाही! का? तर शिबिराचा नियम. मुलांचं उन्हाळी शिबिर, तीन आठवडे, सगळं अरबीत. विज्ञान अरबीत, चित्रकला अरबीत, गोष्टी अरबीत, तहान लागली तर पाणीसुद्धा अरबीत मागायचं, नाहीतर बसा कोरडे. आणि शेवटच्या आठवड्यात तर घरीसुद्धा दुसऱ्या भाषेत चकार शब्द नाही! गळ्यात पिवळं कार्ड. एक शब्द सुटला की बाई त्याचा कोपरा कातरणार. आमची ठिणगी, घरी आम्ही तिला ठिणगीच म्हणतो, जन्मजात हट्टी, तिनं ठरवलं की कार्ड अख्खं ठेवायचं. आता तुम्ही विचाराल, पोरीला त्या शिबिरात घातलं कुणी? मीच घातलं! सूनबाई म्हणत होती पोहायला घालू, मुलगा म्हणत होता बुद्धिबळाला घालू, पण मी म्हटलं, छे, अरबीच. कारण काय, तर मला अरबी येतं!

तुम्हाला सांगतो, हे "येतं" म्हणजे किती येतं, ते आधी ऐकून घ्या. दुकान बंदराच्या रस्त्यावर. जहाजं लागायची, खलाशी यायचे, दोर हवे, कप्प्या हव्यात, हुक हवेत. त्यांच्याशी हुज्जत घालता घालता शंभरपर्यंत आकडे शिकलो. "कम" म्हणजे केवढ्याला, "शाय" म्हणजे चहा, "बुकरा" म्हणजे उद्या, "हबल" म्हणजे दोर, "आखिर कलाम" म्हणजे शेवटचं बोला. मोजून साठ शब्द! पण ते बोलायचो कसे? पायरीवर उभं राहून, हात हलवून, रस्त्याच्या त्या टोकाला ऐकू जाईल असे. समोरचा रंगवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या शेठचं अरबी म्हणजे वाहतं पाणी!" मग काय, बाजारात कुणाकडे खोकं आलं अरबी अक्षरांचं, की आणलं माझ्याकडे. मी चष्मा वर करायचो, डोळे बारीक करायचो आणि म्हणायचो, "ही बाजू वर ठेवावी." तीस वर्षं, साहेब, मी प्रत्येक खोक्यावर हेच वाचलंय. आणि एकदाही कुणी उलटं विचारलं नाही. का विचारतील? शेठला अरबी येतं!

तर त्या खलाशांत एक तांडेल होता. तांडेल म्हणजे खलाशांचा मुकादम. दारातून आडवाच शिरायचा, एवढा रुंद. दर वर्षी यायचा, दोर घ्यायचा, आणि मग दोराचं काम झालं तरी उठायचा नाही. बसायचा पोत्यावर. चहा घ्यायचा. तो त्याच्या भाषेत बोलायचा, मी माझ्या भाषेत. तासन् तास! त्याला माझं कळत नव्हतं, मला त्याचं कळत नव्हतं, आणि इतका मनमोकळा मी बायकोशीसुद्धा कधी बोललो नाही. हसू नका, खरंच सांगतो.

आता पुढचं ऐका.

एका वर्षी गोदामाचं छप्पर गळलं आणि दोराचं एक वेटोळं आतून भिजलं. वरून बघाल तर सोन्यासारखं पिवळंधमक, आणि आत बोट घातलं तर काळं. धंदेवाईक माणूस मी, काय केलं असेन? वर नव्या दोराचे तीन वेढे दिले आणि ठेवलं पुढे. तांडेल आला. त्यानं वेटोळ्यात अंगठा दाबला. नाकाशी नेला. माझ्याकडे बघितलं. आणि मी... मी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता. बंद पंख्याकडे बघत राहिलो! तो काही बोलला नाही. वेटोळं खांद्यावर टाकलं आणि गेला.

पुढच्या वर्षी तांडेल आला नाही. दुसराच एक खलाशी आला, त्यानं एक कॅसेट माझ्या हातावर ठेवली, "तांडेल" एवढंच म्हणाला, आणि वळलासुद्धा.

लावली. तांडेलाचाच आवाज! अर्धा तास! आणि मला काय कळलं? सलाम कळला. शाय कळलं. आणि हबल. दोर. अकरा वेळा, साहेब, अकरा वेळा हबल! चौदाव्या मिनिटाला आवाज फाटतो, मग धाडकन काहीतरी पडतं, मग नुसतं खरखर खरखर, आणि मग पुन्हा हळूच... हबल. आणि रडतोय. एवढा रुंद माणूस रडतोय!

दोर तुटला. कुणीतरी मेलं. तुम्हाला दुसरं काय वाटलं असतं? आणि तेवढ्यात रंगवाला दारात, "काय म्हणतोय हो तांडेल?" आता सांगा, त्याला म्हणू काय, की मला कळत नाही? पन्नास दुकानांच्या रस्त्यावर? मी चष्मा वर केला आणि म्हणालो, "सगळ्यांना सलाम सांगितलाय. बढती मिळाली. नातू झाला." झालं! रंगवाल्यानं त्या नातवापायी अख्ख्या रस्त्याला चहा पाजला! मी त्या नातवाचं नावसुद्धा ठरवून दिलं, विचारलंच त्यांनी तर काय करू? आणि एकदा नातू झाल्यावर ती कॅसेट दुसऱ्या कुणाकडे न्यायची कशी? तो नातू आमच्या गप्पांत दर वर्षी वाढला, शाळेत गेला, मध्ये त्याला गोवर आली. कारण काय, तर मला अरबी येतं!

बावीस वर्षं! बावीस वर्षं तो आवाज माझ्या दुकानात राहतोय. दुपारी रस्ता निपचित पडला की छताच्या हुकांवर टांगलेले दोर जरा हलतात. वारा नसतो. हलतात. आणि मला चौदावं मिनिट ऐकू येतं. कॅसेट बंद, गल्ल्याखालच्या खणात, कुलपात, आणि तरी धाडकन... मग खरखर... मग हबल. कितीदा मी भरल्या दुकानात "कोण आहे?" म्हणून ओरडलोय! त्या दिवसापासून प्रत्येक वेटोळं मी गिऱ्हाइकासमोर शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडतो, स्वतः दोरावर लोंबकळून दाखवतो. एकाहत्तराव्या वर्षी! लोक म्हणतात, काय सचोटी, काय सचोटी! गिऱ्हाईक दुप्पट झालं. सचोटी कसली डोंबलाची? भीती आहे ती!

आणि अशा घरात मी नातीला अरबी शिकायला घातलं. म्हणाल, मुद्दाम? काय माहीत. असेलही. मनाला विचारलं तर ते पंख्याकडे बघतं.

शिबिर तसं झकास हं. एका शाळेच्या तीन खोल्या. दारावर, खुर्चीवर, नळावर, सगळीकडे अरबी चिठ्ठ्या चिकटवलेल्या. एका खोलीत कंपासनं चांदण्यांची नक्षी काढायची, एकीत पुठ्ठ्याची यंत्रं करून सूर्याची उंची मोजायची, एकीत बोरूनं अक्षरं गिरवायची. ठिणगी रोज कोपरापर्यंत शाई माखून यायची आणि मला आकडे म्हणून दाखवायची. आणि मी? "शाबास, शाबास, आता शंभरपर्यंत!" म्हणायचो. त्यापुढे माझाच दोर संपत होता ना!

तिसऱ्या आठवड्यात आला आवाजाचा धडा. आवाज कसा थरथरतो, दोऱ्यातून कसा जातो, कपाला कप जोडून वगैरे. बाईंनी आदल्या शुक्रवारीच सांगून ठेवलं होतं, घरातला एक जुना आवाज घेऊन या. ठिणगी म्हणाली, "आजोबांची कॅसेट नेते!" मी ताडकन उठलो. "नाही! ती नाही! घड्याळ ने, कुकर ने, मला ने!" तर सूनबाई स्वयंपाकघरातून, "अहो बाबा, त्यात काय एवढं? सलामच तर आहेत ना? नातू झालाय, तेच ना?"

सांगा आता. काय बोलू? माझ्याच विणलेल्या जाळ्यात मी उताणा! खणाची किल्ली काढून दिली.

मंगळवारी कॅसेट गेली. मंगळवारी चारला ठिणगी परत आली. गळ्यात पिवळं कार्ड, तोंडाला कुलूप. दप्तर ठेवलं. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आणि माझ्या उजव्या गुडघ्याकडे टक लावून बघायला लागली. गुडघ्याकडे! "काय गं? काय म्हणतोय तांडेल?" तर "ला, जद्दी." आणि मग अरबीत सुरू! भडाभडा, हातवारे करून! मी त्यात शोधतोय, एखादा आकडा, एखादा चहा... काही नाही. आणि तिचे डोळे भरलेले. मी म्हणालो, "नवी सायकल देतो." "ला." "दोन देतो!" "ला!" मी म्हणालो, "आखिर कलाम?" तर ती हसली, साहेब, रडता रडता हसली, आणि कार्ड छातीशी धरून आत पळाली.

तेवढ्यात फोन. शिबिराच्या बाई. वाटलं, सुटलो, या तरी सांगतील! पण मला अरबी येतं हे बाईंना कुणीतरी आधीच सांगितलेलं! कुणी? रंगवाल्यानंच. त्यामुळे बाई सुरुवातीपासून अरबीत! चार मिनिटं! आवाज जड, मधेच हुंदका. मी काय करणार? "ऐवा, ऐवा," म्हणजे हो हो. बाई काहीतरी विचारतात, मी "ऐवा". बाई थांबल्या, मी "बुकरा". बुकरा म्हणजे उद्या! कशाचं उद्या? मलाच ठाऊक नाही! फोन ठेवला तेव्हा सदरा भिजून पाठीला चिकटला होता. कारण काय... जाऊ दे.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तीन दिवस घरात ती लहानशी मुलगी माझ्यामागून फिरते आहे, मी बसलो की हळूच उजव्या पायाखाली उशी सरकवते आहे, आणि बोलत नाही. मी दुकानात गेलो तर दोर हलतात. घरी आलो तर ही गुडघ्याकडे बघते. मी सूनबाईला म्हटलं, "मला काही झालंय का गं? डॉक्टर काही बोलले का तुमच्याशी?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कमी चहा घेत जा."

शुक्रवारी चारला शिबिर संपलं. मी फाटकाशीच उभा. ठिणगी आली, अख्खं कार्ड बाईंच्या हातात दिलं, पायरीवर माझ्या शेजारी बसली, आणि पाच दिवसांनी पहिलं मराठी वाक्य काय बोलली?

"आजोबा, तुम्हाला अरबी येत नाही ना?"

सांगतो तुम्हाला, बावीस वर्षांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. म्हटलं, "नाही गं बाळा. अजिबात नाही."

"मला वाटलंच. तुम्ही नातू सांगितला होता. त्यात नातूच नाहीये."

"मग काय आहे?"

"बाईंनी चित्रं काढून समजावलं. तो म्हणतो, दोर आतून कुजलाय हे त्याला दुकानातच कळलं होतं. तुमचं तोंड दिसलं म्हणून तो बोलला नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं. तो दोर नुसता छत बांधायला वापरायचा, असं त्यानं ठरवलं होतं. मग घाईत त्यानंच तो ओझं उचलायला लावला. ओझं पडलं. त्याच्याच पायावर. उजव्या. गुडघ्यापासून गेला. दुसऱ्या कुणाला नाही लागलं, आजोबा."

"आणि... ते मध्ये धाडकन?"

"कुबडी पडली त्याची. मग तो ती उचलत होता. नवीन होती ना, जमत नव्हती. मग म्हणाला, आता मी तुमच्याकडे चहाला येऊ शकणार नाही. म्हणून रडला."

शाळेच्या वऱ्हांड्यात कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"अजून एक आहे," ठिणगी म्हणाली. "शेवटी तो म्हणतो, चूक माझी आहे, दोराची नाही. कुणी तुम्हाला सांगेल दोर तुटला, तर जिवाला लावून घेऊ नका. तुम्ही रागावला नाहीत एवढं एका शब्दात कळवा. आत कागदावर पत्ता लिहिलाय. नाही कळवलंत, तर मी समजेन तुम्ही रागावलात."

कॅसेटच्या डबीतला तो कागद! मला वाटायचं, कंपनीची जाहिरात असेल. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं ना, ही बाजू वर ठेवावी!

म्हणजे बघा. मी इकडे बावीस वर्षं भीत होतो की तो मला शाप देतोय. आणि तो तिकडे बावीस वर्षं समजतोय, की मी रागावलोय.

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या रंगवाल्याला हाक मारली आणि सगळ्या रस्त्यासमोर सांगून टाकलं, "ऐका हो, मला अरबी येत नाही!" रंगवाल्यानं हात जोडले, "बघा, बघा! खऱ्या विद्वानाला असाच विनय असतो!" आणि खोकं पुढे केलं.

मग उत्तर. ठिणगी म्हणाली, बाई लिहून देतील. म्हटलं, नाही, माझ्या आवाजात जाईल. एकच वाक्य. "अना मिश झालान." मी रागावलेलो नाही. चार दिवस टांगलेल्या दोरांना म्हणून दाखवत होतो. ठिणगी स्टुलावर बसून डाफरायची, "आजोबा, पुन्हा! रागावल्यासारखं वाटतंय!" सतराव्या वेळेला तिनं मान हलवली. तेच वाक्य कॅसेटवर घेतलं, पुढे माझ्या भाषेत अर्धा तास बोललो, दुकानातलं, घरातलं, गळक्या छपराचं, पंख्याचंसुद्धा. त्याला नाहीतरी माझं कधी कळायचं? आणि पाठवून दिलं त्या पत्त्यावर.

तेव्हापासून दुकानात आवाज येत नाही. काही नाही. दोर जागच्या जागी. इतकी शांतता, की आता मी तिलाच दचकतो. पत्त्यावर कुणी आहे का? घर आहे का? तो आहे का? पोस्टमन दिसला की उठतो, गेला की बसतो. रंगवाला म्हणतो, "अहो शेठ, दोन महिने झाले, येऊ दे की उत्तर, एवढा काय जीव टाकताय?" खरंय. दोनच महिने झालेत. अजून एकवीस वर्षं दहा महिने मला तक्रार करायला तोंड नाही.