झोप झाल्याशिवाय उड्डाण नाही

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे कार्यकारी संचालक साहेब. परराष्ट्र खात्यात उभं आयुष्य घालवून आता निवांत झालेले, आणि तरी आमच्या आग्रहाखातर आलेले प्रमुख पाहुणे. व्यासपीठाच्या मधोमध बसवल्यामुळे अवघडून गेलेल्या आमच्या सत्कारमूर्ती. समोर बसलेले त्यांचे यजमान, लेक, जावई आणि खुर्चीखाली शिरलेली नात. वैमानिक मंडळी, केबिनमधल्या माझ्या मैत्रिणींनो आणि मित्रांनो, आणि 'फक्त दोन शब्द' असं म्हणून उठलेल्या इतक्या वक्त्यांनंतरही जागचे न हललेले माझे सहनशील श्रोतेहो,

आपल्या सत्कारमूर्तींना सगळी कंपनी 'हेडबाई' म्हणते. का म्हणते, हे नव्या मुलींना सांगायला नको. उड्डाणाआधी त्या आमची नखं बघायच्या, अंबाडा बघायच्या, बुटांना पॉलिश आहे का बघायच्या आणि मग विचारायच्या, "रात्री झोपलीस का नीट?" कुणी चाचरलं की ती मुलगी घरी. पहिल्या महिन्यात मला वाटलं, या बाईंना माणसांचा राग आहे. पुढे कळलं, राग फक्त पेंगणाऱ्या माणसांचा आहे.

आत्ताच अध्यक्ष महोदयांनी आपल्या सुंदर भाषणात सांगितलं, की हेडबाईंनी व्यवस्थापनाला कायम सहकार्य केलं. त्याच सहकार्याचं एक उदाहरण मला द्यायचंय. संयोजकांनी मला विषय दिलाय 'सेवाभाव'. त्यातच बसवते.

तुमच्यापैकी जुन्या मंडळींना तो काळ आठवत असेल. समुद्रापलीकडच्या त्या देशाशी आपलं बिनसलं होतं. कशावरून? तर त्यांच्या कुणा बड्या असामीच्या मेव्हण्याला आपल्या विमानतळावर रांगेत उभं केलं आणि बॅग उघडायला लावली. बॅगेत काही सापडलं नाही, हाच म्हणे मोठा अपमान! मग त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांचे व्हिसा लांबवले. मग आपण त्यांच्या व्यापाऱ्यांचे लांबवले. दोन जावा असं वागल्या तर त्याला आपण भांडण म्हणतो. दोन देश वागले की त्याला 'परस्परतेचं तत्त्व' म्हणतात. प्रमुख पाहुणे हसताहेत. हसणारच. हा शब्द मी त्यांच्याच तोंडून टीव्हीवर पहिल्यांदा ऐकला.

आता बिचारे व्यापारी आणि विद्यार्थी संपल्यावर उरलं कोण? आम्ही. विमानाचे कर्मचारी आजवर ओळखपत्र दाखवून दुसऱ्या देशात उतरायचे, हॉटेलात झोपायचे आणि तेच विमान घेऊन परत यायचे. वेगळा व्हिसा लागत नसे. एके दिवशी आपल्या परराष्ट्र खात्याने ठरवलं, की त्यांच्या कर्मचाऱ्यांना यापुढे लागेल. निर्णय लगेच लागू. त्यांनीही आपल्यासाठी तोच निर्णय केला, तोही लगेच लागू. या दोन 'लगेच'च्या मधे दोन विमानं हवेत होती. त्यांचं आपल्याकडे निघालेलं, आपलं त्यांच्याकडे. आपल्या विमानात कॅप्टनकाका होते, हेडबाई होत्या आणि सगळ्यांत धाकटी मी.

सकाळी उतरलो. प्रवासी भराभर बाहेर गेले. आम्ही नेहमीच्या खिडकीशी ओळखपत्रं काढली, तर तिथला अधिकारी म्हणाला, "व्हिसा?"

काकांना वाटलं, गंमत करतोय. काका हसले. तो नाही हसला.

"आम्ही निघालो तेव्हा हा नियम नव्हता हो," काका म्हणाले.

"तुम्ही पोहोचलात तेव्हा होता," तो म्हणाला.

बरं, माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हाला एका खोलीत नेऊन बसवलं, पंखा लावून दिला. लोखंडी खुर्च्यांची रांग होती, दोन खुर्च्यांच्या मधे घट्ट बसवलेला लोखंडी हात. म्हणजे कुणाला आडवं होण्याचा मोह नको! समोर मोठी काचेची खिडकी. खिडकीतून रस्ता दिसायचा आणि रस्त्यापलीकडे आमचं हॉटेल. आमच्या खोल्यांचे पडदेसुद्धा दिसत होते. खाली हॉटेलचा ड्रायव्हर आमच्या कंपनीच्या नावाची पाटी धरून उभा होता. बिचारा मधूनमधून पाटी या हातातून त्या हातात घ्यायचा.

आमचा पेच असा, की रात्रभर विमान चालवून आणलेल्या माणसांनी पलंगावर पाठ टेकल्याशिवाय पुन्हा उडायचं नाही, हा कायदा. पलंग रस्त्यापलीकडे. रस्ता ओलांडायला व्हिसा. व्हिसा मिळवून द्यायला आपली वकिलात. वकिलातीत फोन केला, तर तिथल्या गृहस्थांनी अतिशय गोड आवाजात सांगितलं, "आम्ही मुद्दा उपस्थित केला आहे." दुपारी पुन्हा केला. मुद्दा अजून उपस्थितच होता. आम्हीही होतो.

दुपारी कंपनीच्या मुख्यालयातून फोन आला. त्या वेळी उड्डाण विभागाचे प्रमुख कोण होते, हे मी सांगत नाही. अध्यक्षस्थानी बसलेल्या व्यक्तीविषयी भर सभेत बोलू नये, एवढी रीत मला कळते.

तर ते जे कोण साहेब होते, ते काकांना म्हणाले, "खोली आहे ना? खुर्च्या आहेत, पंखा आहे. मग हीच विश्रांती समजा. झोप झाली असं कळवा आणि संध्याकाळी विमान घेऊन या. प्रवासी खोळंबतील."

काकांनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे तांबारलेले, कंबर धरलेली. निवृत्तीला थोडाच काळ उरलेला. इतकी वर्षं डाग न लागलेली नोकरी शेवटी कशाला खराब करा, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ते हळूच म्हणाले, "काय करायचं? येतो म्हणू का?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती. हेडबाईंची लेक, ही समोर बसलीये ती, तेव्हा पोटुशी होती. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले, आणि सकाळीच जावयांचा फोन येऊन गेला होता, की दवाखान्यात नेतोय. त्या खोलीत घरी जायची सर्वांत जास्त घाई कुणाला होती? ज्यांनी 'चला, झोप झाली' म्हटलं असतं तर कुणी चूक काढली नसती, त्यांना.

हेडबाईंनी काकांच्या हातातून फोन घेतला.

"साहेब, तुम्ही खुर्चीत झोपता का हो?"

"म्हणजे?"

"ऑफिसातलं विचारत नाही. घरी."

साहेब म्हणाले, "बाई, हा विषय कॅप्टनचा आहे. तुम्ही मधे पडू नका."

"विमानाला आग लागली तर दारं माझ्या मुली उघडणार आहेत. इथे एक भिंतीला टेकून घोरतेय, एक डोळे उघडे ठेवून झोपलीये. काका आत्ता पेन समजून चष्म्याच्या काडीने सही करायला निघाले होते. झोप झालेली नाही. झाली असं मी म्हणणार नाही, त्यांनाही म्हणू देणार नाही."

"याचे परिणाम होतील."

"होऊ देत. आधी झोप होऊ दे."

भिंतीला टेकून घोरणारी मी होते, हे आता सांगायला हरकत नाही. फोनवरचं हे सगळं मला नंतर काकांनी सांगितलं.

फोन ठेवून हेडबाई खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि तिथून त्यांनी दुसरा फोन लावला, तो त्या देशाच्या विमान कंपनीतल्या त्यांच्या मैत्रिणीला. तीही तिकडची हेडबाईच. दोघींची ओळख कुठल्याशा विमानतळावर, सुजलेल्या पायांवरून झालेली. कुठले मोजे चांगले, यावर वर्षानुवर्षं बोलायच्या.

"कुठे आहेस गं?"

"तुमच्याकडे! खोलीत कोंडलंय. तू?"

"तुमच्याकडे. खोलीतच."

"पंखा आहे?"

"आहे. तुला?"

"नाही गं. तुमच्या लोकांनी एसी लावलाय आणि बंद करायचं बटण कुणाला सापडत नाहीये. माझ्या मुली गारठल्यात."

दोघी हसल्या. मग फोन ठेवून हेडबाई एवढंच म्हणाल्या, "तिच्याकडे एक मुलगी तापाने फणफणलीये."

संध्याकाळी दार धाडकन उघडून एक सुटाबुटातले गृहस्थ आत आले, मागे फायली सांभाळणारे चौघे. ते त्या देशाच्या शिष्टमंडळाचे प्रमुख निघाले. आमच्या विमानाने आपल्याकडे यायला निघाले होते, कारण त्यांचं स्वतःचं विमान आपल्याकडे अडकलेलं. आणि येणार होते कशासाठी? मित्रहो, कृपया खुर्ची घट्ट धरा. कर्मचाऱ्यांच्या व्हिसाचा वाद सोडवायला!

"विमान का सुटत नाही?" ते गरजले.

हेडबाई उठल्या, साडी सारखी केली. "आम्ही सोडायला तयार आहोत, साहेब. आम्हाला फक्त झोपायचंय. तो बघा पलंग." आणि खिडकीतून हॉटेल दाखवलं.

गृहस्थांनी हॉटेलकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, खुर्च्यांच्या लोखंडी हातांकडे पाहिलं. मग कुणाला तरी फोन केला, आणि सकाळपासून जे दोन सरकारांना जमलं नव्हतं ते चुटकीसरशी झालं. आम्हाला 'विशेष बाब म्हणून' बाहेर जायची परवानगी! सकाळचा अधिकारी शिक्का घेऊन धावत आला. आम्ही बॅगा उचलल्या. हेडबाई मात्र खाली बसल्या.

"आता काय?" गृहस्थ म्हणाले.

"तुमची माणसंही आमच्याकडे अशाच खोलीत आहेत. त्यांत एक मुलगी आजारी आहे. ती सुटू देत, मग आम्ही जातो."

"अहो, तो तुमच्या देशाचा प्रश्न आहे!"

"तुम्ही बोलायलाच निघालाय ना आमच्या साहेबांशी? मग इथूनच सुरुवात करा. परस्परतेचं तत्त्व म्हणतात ना याला?"

कॅप्टनकाका खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "मीही बसतो. पाठ तशीही गेलेलीच आहे."

आम्ही बॅगा खाली ठेवल्या. खोटं कशाला बोलू, मनात हेडबाईंना नाही नाही ते बोलून घेतलं! पलंग समोर दिसत होता हो.

गृहस्थ तणतणले, येरझाऱ्या घातल्या, आणि अखेर त्यांनी आपल्या इथल्या समपदस्थ अधिकाऱ्यांना फोन लावला. ते अधिकारी म्हणजे आजचे आपले प्रमुख पाहुणे. पाहुणे आधी म्हणाले, धोरणात्मक बाब आहे. मग म्हणाले, वरिष्ठांना विचारावं लागेल. मग बहुधा जेवणाची वेळ झाली, कारण त्यांनी होकार दिला. पण दिला, हे महत्त्वाचं, आणि त्याबद्दल मी या व्यासपीठावरून त्यांचे मनापासून आभार मानते. साहेब, ती मुलगी बरी झाली. तुम्हाला कुणी कळवलं नसेल.

मैत्रिणीचा 'सुटलो गं' असा फोन आला, तेव्हा हेडबाई उठल्या. हॉटेलात खोलीचं दार उघडत असतानाच त्यांना जावयांचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी शेजारच्याच खोलीच्या दारात होते. तेव्हा कुठे आम्हाला सगळं कळलं. मी म्हटलं, "बाई, तुम्ही बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "बोलले असते तर तुम्ही सगळ्यांनी झोप झाली म्हणून सांगितलं असतं." आणि दार लावून त्या आतमध्ये रडल्या. भिंती पातळ होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिष्टमंडळाला सुखरूप आणून पोहोचवलं. चर्चा 'अत्यंत सौहार्दपूर्ण वातावरणात' पार पडली, म्हणजे काहीही ठरलं नाही. कंपनीच्या वार्षिक समारंभात त्या दिवसाच्या कुशल हाताळणीबद्दल उड्डाण विभागाच्या प्रमुखांना ढाल मिळाली. हेडबाईंना अधिकाराबाहेर बोलल्याबद्दल समज मिळाली, पदोन्नती हुकली, आणि वर्षभर त्यांना जमिनीवर, हरवलेल्या सामानाच्या खिडकीशी बसवलं. तिथेही त्या लोकांची सामानं शोधून देत राहिल्या, ही कंपनीची मोठीच पंचाईत झाली.

त्या मैत्रिणीला आजच्या समारंभाचं आमंत्रण होतं. त्यांनी व्हिसासाठी अर्ज केला होता. आता निवृत्त झाल्यामुळे त्या कर्मचारी नाहीत, साध्या प्रवासी आहेत. काल आपल्या खात्याने कळवलं, अर्ज विचाराधीन आहे. त्यामुळे पुढच्या महिन्यात दोघी एका तिसऱ्याच देशात भेटणार आहेत, जिथे कुणाचंच कुणाशी भांडण नाही. असा देश शोधायला त्यांना बरेच दिवस लागले म्हणे.

असो. अध्यक्ष महोदयांनी मघापासून दोनदा घड्याळ पाहिलंय. हेडबाईंना सगळ्या केबिनच्या वतीने निरोप देते. तुम्ही आम्हाला ट्रे धरायला शिकवलंत, दारं उघडायला शिकवलंत, आणि मोठ्या आवाजातल्या माणसापुढे बसून राहायलाही शिकवलंत. त्यातलं शेवटचं अभ्यासक्रमात नव्हतं. सभागृह देणाऱ्यांचे, माईकवाल्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. आज इथे येण्याआधी पडद्यामागे हेडबाईंनी माझा हात धरून बजावलं होतं, "तो विषय काढू नकोस हं." एवढा एक त्यांचा शब्द मी मोडला, तो त्यांनी पोटात घालावा. बाकी माझ्या बोलण्यात चुकून कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, तर उदार मनाने क्षमा असावी. ज्यांचा झाला, तो मात्र चुकून झालेला नाही.