चंद्रावरच्या सुरकुत्या

(कार्यशाळा. भिंतीशी माणसाएवढा प्लास्टरचा अर्धा चंद्र उभा केलेला. वहिनी हात धुताहेत. त्यांचे दीर नुकतेच आत आले आहेत.)

वहिनी: ...आधी हात फिरवून बघा, भाऊजी, मग बोला. कसा गुळगुळीत झालाय! सकाळपासून घासतेय, खांदे भरून आले.

भाऊजी: काय घासताय?

वहिनी: हा मधला सपाट भाग. लाव्ह्याचा. तुम्ही गाढ झोपला होतात, म्हटलं उठवायला नको.

भाऊजी: वहिनी, इथे सुरकुत्या होत्या.

वहिनी: होत्या ना. आता एक तरी शोधून दाखवा!

भाऊजी: अहो, त्या मी घातल्या होत्या!

वहिनी: घातल्या होत्या म्हणजे? मुद्दाम?

भाऊजी: मुद्दाम! फोटो बघून बघून. तो भलामोठा खड्डा लाव्ह्याने भरला, लाव्हा थंड झाला. एवढं ओझं, मग मधला भाग खचला. गादी मध्ये दबली की चादर कशी गोळा होते? तशा घड्या पडल्या तिथे. मैलोन् मैल लांब.

वहिनी: पण याला समुद्र म्हणतात, असं तुम्हीच सांगितलंत. मी आपलं सपाट म्हणजे सपाट धरलं.

भाऊजी: लांबून सपाट. आणि हा चंद्र लांबून बघायचा नाहीच. संग्रहालयात ज्यांना दिसत नाही, ती माणसं हा बोटांनी बघणार. तिथे काळा रंग दिला काय नि पांढरा दिला काय! बोटाला लागेल तेवढाच चंद्र.

वहिनी: अगं बाई!

भाऊजी: आणि इथे एक गोल कडं होतं.

वहिनी: ते? ते तर सगळ्यात आधी घासलं. मला वाटलं, ओल्या प्लास्टरवर कुणीतरी डबा ठेवला!

भाऊजी: डबा! जुनं विवर आहे ते. लाव्ह्यात बुडालं, काठ तेवढा वर राहिला.

वहिनी: मग आता पुरतंच बुडालं म्हणायचं.

भाऊजी: हसू नका. मला एक सांगा, कडेचे डोंगर का नाही घासलेत? तेही खडबडीतच आहेत की.

वहिनी: ते तुमच्या दादांनी केलेत.

भाऊजी: हं.

वहिनी: तसं नव्हतं म्हणायचं मला.

भाऊजी: तसंच होतं. माझा हात थरथरला, असं वाटलं तुम्हाला.

वहिनी: ...हो, वाटलं. आजारपणानंतरचं पहिलंच मोठं काम तुमचं. त्या संग्रहालयाच्या बाई येणार, काहीतरी नाव ठेवणार, तुम्ही पुन्हा खोलीत जाऊन बसणार. म्हणून गुपचूप घासलं. चुकलं माझं.

भाऊजी: हात थरथरतो, खोटं नाही. उजवा.

वहिनी: म्हणजे?

भाऊजी: सुरकुत्या डाव्या हाताने घातल्या. कितीतरी महिने शिकवतोय त्याला. दार लावून.

वहिनी: आणि आम्ही समजतोय, तुम्ही आत रुसून बसलाय! अहो, त्यावरून मी ह्यांच्याशी भांडले, जरा भावाशी बोला म्हणून. सांगायचंत तरी!

भाऊजी: नीट जमलं की सांगणार होतो. आजच सांगणार होतो.

वहिनी: आणि मी सगळं घासून मोकळी! आता काय करायचं? हे बाईंना आणायला स्टेशनवर गेलेत. थेट इकडेच जेवायला यायचेत.

भाऊजी: प्लास्टर कालवता का? पातळ नको, सरसरीत.

वहिनी: होईल तेवढ्यात?

भाऊजी: सगळं नाही होणार. सुरुवात तर करू. आणि तो बारीक ब्रश द्या. अहो, या हातात नाही. डाव्या हातात.

वहिनी: हे घ्या. तुम्ही करा, मी तोवर ह्यांना फोन लावते... हॅलो? अहो, ऐका. बाईंना घेऊन बाहेरच जेवा. गोड वगैरे खा, सावकाश या... नाही हो, बिघडलं काही नाही... कुजबुजतेय का? भाऊजी काम करताहेत.