टेम्पो शहाडला कुणी पाठवला?

...आणि मला सायकलसुद्धा येत नाही हो! सायकल! लहानपणी एकदा बसलेले, ती सरळ खाडीच्या चिखलात, तेव्हापासून जी उतरले ती उतरलेच. आणि त्या माझ्या नावाने, ह्या शेवंतीच्या नावाने ठाण्याच्या कोर्टातून कागद येतो की तुमच्या टेम्पोने निष्काळजीपणे अपघात केला, हजर व्हा! मी बाळकुमला माझ्या ओट्यावर, हातात कोळंबी, अपघात झाला तिकडे शहाडला, स्टिअरिंगवर चंदू... आणि बोलावणं कुणाला? मला!

कागद मीच वाचला बरं का. शाळेची पायरी चढले नाही, पण मासळी बांधायला रद्दी येते ना, तिच्यातून एकेक अक्षर उचलून वाचायला शिकले, त्यामुळे "आजी, द्या इकडे, काय लिहिलंय ते सांगतो" असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. दोनदा वाचला. लिहिलेलं काय, तर चालक मालकाच्या कामावर असताना जी चूक करेल ती मालकाने भरून द्यायची. हा कुठला न्याय? उद्या चंदूला जुलाब झाले तर गोळी मी खायची?

चंदू म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. चाळिशी उलटलेला, तीन पोरींचा बाप. पहाटे घाऊक बाजारातून मासळी उचलायची, माजिवड्याला दोघी बायकांच्या टोपल्या उतरवायच्या, मग माझा माल बाळकुमला. टेम्पो माझा, पगार माझा, पुढच्या काचेवर नाव माझं, लाल अक्षरात, आणि ते 'शेवंती' पेंटरने पहिल्यांदा चुकीचं लिहिलेलं ते मीच पुसायला लावलं.

आता तुम्ही म्हणाल, आजी, इन्शुरन्स? होता की! अपघाताच्या चार दिवस आधीपर्यंत होता. तो एजंट राकेश मला म्हणतो, "मावशी, तुम्ही फक्त अंगठा द्या, तुम्हाला नाही कळायचं." अंगठा? मला? पायरीवरूनच हाकलला त्याला. दुसरा एजंट शोधेपर्यंत जे चार दिवस गेले, नेमके त्या चार दिवसांतच चंदूला गाडी ठोकायची होती. आणि मला, तुम्हाला सांगते, सायकलसुद्धा येत नाही!

वकील घरचाच. आमच्या नातीचा, संचिताचा नवरा, ऋतुराज. डोंबिवलीचा, हुशार, बोलतो असा जणू इस्त्री करून. म्हणाला, "आजी, केस एकदम सोपी आहे. टेम्पो मासळीचा. मासळीच्या रस्त्यात शहाड येतं का?"

"नाही येत."

"मग चंदूमामा तिकडे स्वतःच्या कामाला गेलेले. तुमच्या नाही. मालक सुटला! तुम्ही उभं राहायचं आणि चार शब्द बोलायचे. मला काही माहीत नव्हतं."

अहो, हे चार शब्द! आयुष्यात एका ओळीत कधी बोललेले नाही मी! आमचे हे होते तेव्हासुद्धा नाही. पापलेट कुठल्या बोटीचं, गल्लीत कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळं मला माहीत असतं, आणि मी कोर्टात जाऊन म्हणू मला काही माहीत नव्हतं? घरी तालीम चालायची, संचिता समोरची वकील व्हायची, कमरेवर हात ठेवून विचारायची, "टेम्पो शहाडला कुणी पाठवला?" आणि मी तोंड उघडायची, "मला काही... मला का... अगं ती कढी उतू जातेय, बघ आधी!"

कारण खरं सांगू? मीच पाठवलेला.

आमच्या भावकीत कुठेही हळद असली की मटणाचा मोठा टोप माझ्याकडूनच जातो. तांब्याचा, कमरेएवढा, सासूच्या सासूचा. तो गेल्याशिवाय चूल पेटत नाही, अशी रीत. शहाडला भाचीच्या पोरीची, दिपिकाची हळद होती, मीच चंदूला म्हटलं, जा रे, टोप टाकून ये.

चंदू बिचारा घरी आला, खाली मान घालून म्हणतो, "आत्या गो, घाल सगळं माझ्या नावावर. बोल, चंदूच गेलेला आपल्या मनाने. माझ्याकडून कोण काय नेणार? बनियन?"

बघा म्हणजे! ऋतुराज खूश, चंदू तयार, मीच तेवढी अडलेली.

तारखेला गेलो. कोर्टाच्या बाहेर बाकावर मी बसले, शेजारी एक बाई, पंचेचाळिशीची, नीटनेटकी, पाण्याच्या बाटलीचं झाकण दातांनी काढतेय. मी म्हटलं, दे इकडे बाय, दात पाडशील. उघडून दिली. विचारलं, हाताला काय झालं? म्हणते, "शहाडला टेम्पो मागे आला, मनगट मोडलं. कल्याणला माझं पोळी-भाजीचं दुकान आहे, दोनशे पोळ्या रोज लाटायचे. आता लाटणं धरलं की मुंग्या येतात." सगुणा तिचं नाव. मी कोण ते तिला ठाऊक नाही. वर मला म्हणते कशी, "मालकीण म्हणे फार खट आहे, काही कबूल करत नाही."

खट! मी!

मी काही बोलले नाही. तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा काही बोलले नाही. नुसता हिशेब डोक्यात आला... चंदूच्या नावावर घातलं, तर हिला मिळणार काय? चंदूचं बनियन.

आत गेले. शपथ घेतली. तिचा वकील कमलेश, बारकासा, चष्मा नाकाच्या टोकावर. "आजीबाई, तुमचा चालक तुम्हाला न विचारता टेम्पो कुठेही नेतो, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

झालं! अहो, असं विचारतात का? भर कोर्टात? समोर जज मॅडम, मागे आमची अर्धी भावकी, आणि हा म्हणतो माझा चंदू मला न विचारता!

"न विचारता?" म्हटलं. "तो मला न विचारता हॉर्न वाजवत नाही! टोप मी दिला, दोरी मी बांधली, कुठून वळायचं ते मी सांगितलं!"

ऋतुराज खोकला. एकदा. दोनदा. क्षयाचा पेशंट परवडला.

"आणि अपघात झाला तेव्हा?" कमलेश हळूच.

आता हे मी ऋतुराजला सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं कुठे? "तेव्हा मी फोनवर होते की! ती गल्ली मला पाठ आहे, डाव्या हाताला विहीर, उजव्या हाताला आंबा. तो म्हणतो, आत्या, मागचं दिसत नाही, टोप आड येतो. मी म्हटलं, घे मागे, भरपूर जागा आहे! घे, घे, अजून घे!"

जज मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही बाळकुमहून शहाडचा टेम्पो मागे घेत होतात?"

"मॅडम," म्हटलं, "मला सायकलसुद्धा येत नाही. पण मागे मीच घेत होते."

कमलेशने फाइल बंद केली, म्हणतो, "माझे प्रश्न संपले." अहो थांबा की, म्हटलं, माझं कुठे संपलंय! त्या गल्लीत विहिरीला कठडा पाहिजे, तीन वर्षं सांगतेय मी! कोण ऐकतंय? शिपाई मला खाली उतरवायला आला.

बाहेर ऋतुराज डोकं धरून बसलेला. "आजी, चार शब्द होते हो. फक्त चार." चंदू रडतोय. सगुणा माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. म्हटलं, "बघतेस काय? खट आहे मी. पोळ्या लाटायला बाई ठेव, बिल इकडे पाठव."

निकाल लागला. भरायचं मीच, हप्त्याने. टेम्पो विकला, चंदू आता माजिवड्याला दुसऱ्याची गाडी चालवतो, आणि त्याचा मालक त्याला फोनच करत नाही म्हणे, तर चंदूला करमत नाही.

पण त्या निकालात काय लिहिलंय माहितीये? वाचलाय मी, स्वतः. "चालक हा संपूर्णपणे मालकिणीच्या हुकमाखाली होता, हे सिद्ध होते." सरकारी शिक्का! पन्नास वर्षं संसार केला, सासऱ्याने मानलं नाही, नवऱ्याने मानलं नाही, सुना तर तोंडावर हसतात, आणि कोर्टाने लिहून दिलं, सिद्ध होते! तेवढं पान फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलंय. या बघायला. फक्त हात लावू नका... काच बसवायला पैसे उरले नाहीत.