दीपगृहाची चाल

नाही नाही, तिथे नका बसू, ती खुर्ची रस्त्यावरून दिसते — इकडे बसा. हां. आणि वही आधी मिटा. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आलात म्हणता, बरं, आलात — पण तीस वर्षं तुमच्या ग्रंथालयाला हा ग्लेब वोझ्नित्सिन आठवला नाही आणि नेमका शनिवारच्या माझ्या सत्काराआधी आठवला? फिल्म स्टुडिओनं पाठवलेली माणसं मला ओळखू येतात, बाई. तीही अशीच हळू बोलतात. चहा घ्या. तर सावाबद्दल विचारताय. सावा ग्रेकोव माझा मदतनीस होता. म्हणजे काय, तर मी चाल तीन ओळींत लिहायची आणि कुठला सूर व्हायोलिननं, कुठला बासरीनं, ते त्यानं मांडायचं — इथे चित्रपटांच्या संगीतात सगळेच असं करतात. दहा दिवसांत तासाभराचं संगीत मागतात, एकट्या माणसाचं काम आहे का ते? नाहीये. पण पडद्यावर नाव एकाचंच येतं. माझं यायचं. सावाला इंग्रजी धड यायचं नाही, स्टुडिओच्या साहेबांसमोर घाम फुटायचा त्याला — मी बोलायचो, मी हसायचो, चाळीस वादकांपुढे मी उभा राहायचो. आता मार्चमध्ये तो गेला — पुष्पचक्र पाठवलं होतं मी, चांगलं मोठं — तर लोक विचारत सुटलेत, दीपगृहाच्या चित्रपटातली ती चाल कुणाची? माझी. कुणाची असणार?

काय काढलंत ते, त्या चालीची स्वरलिपी? आणा ते कागद. कुठे मिळाले तुम्हाला? नका सांगू. अक्षर सावाचं आहे, मान्य, स्वच्छ प्रत तोच करायचा. आणि समासात रशियन आहे म्हणून काय झालं, दोन रशियन माणसं काय फ्रेंचमध्ये लिहिणार? वाचता येत नाही म्हणून तुम्हाला संशय. थांबा, मीच वाचून दाखवतो — ‘ग्लेब, इथे घाई करू नकोस, पडद्यावर ती दिवा विझवतेय, चार सेकंद थांब.’ बघा, आहे का काही? ‘ग्लेब, चेलो फार गोड नको, माझी आई अशी हाक मारायची.’ ‘ग्लेब —’

नाही, म्हणजे — तो मला आठवण करून द्यायचा. माझंच मला. माणूस विसरतो. असं बघू नका माझ्याकडे. सांगतो, पण लिहून घ्यायचं नाही. माझी चाल साहेबांनी ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी फेकून दिली होती. सकाळी वादक येऊन बसलेले, समोर पडद्यावर चित्रपट सुरू व्हायचा आणि माझे हात रिकामे. सावानं पिशवीतून हे काढलं. रात्रभर जागून वादकांच्या प्रतीसुद्धा केल्या होत्या गाढवानं. पहिल्या फेरीतच जमलं. वादक गज आपटत होते स्टँडवर — वादकांची टाळी ती, सहज मिळत नाही. तेव्हाच सांगणार होतो, देवाशपथ. पण साहेब गळ्यात पडले, आणि सावा तोवर घरी निघून गेला होता. उद्या सांगू म्हटलं. सव्वीस वर्षं झाली. शनिवारची पत्रिका छापून झालीय, बाई. दीडशे चित्रपट केले मी, लोकांना ही एक चाल आठवते. ती काढून घेतलीत तर मी कोण?

काय म्हणालात? — तुम्ही रशियनमध्ये बोललात. शेवटच्या पानावरचं वाचलंत. येतं तुम्हाला. मग मला कशाला वाचू दिलंत इतका वेळ? पुन्हा वाचा. ‘वाजवून झालं की माझं नाव सांग. मी दारापाशी थांबतो.’

तुम्ही — तू सावाची मुलगी, तास्या ना? एवढीशी होतीस. हो, तो होता दारापाशी. टोपी हातात धरून उभा होता. मी बघितलं त्याला, त्यानं मला बघितलं, आणि मी साहेबांकडे वळलो. घरी बोलला का कधी? नाही? कधीच नाही?

शनिवारी — नको, मला काही विचारू नकोस. कागद घे तुझे. दार ओढून घे जाताना.